उन्हाळी कोशिंबीर: कच्चे खाण्यासाठी भाजी पिकवताना

मार्च उजाडला की जेवणाच्या ताटात फरक पडतो. रस्सा-भाजी नकोशी होते, भाकरीबरोबर काहीतरी गार, आंबट आणि पाणीदार हवेसे वाटते. काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा किस, कांदा-टोमॅटो, मेथीचा घोळाणा, मोड आलेली मटकी यांची आठवण याच दिवसांत येते. उन्हात राबणाऱ्या शरीराला ते हवेच असते. काकडी आणि मुळ्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते, टोमॅटोत ९४, कोबीत ९२ टक्क्यांच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. उन्हाळ्यात शिजवलेली भाजी कमी खाल्ली जाते, त्यामुळे ही भरपाई कोशिंबिरीनेच होऊ शकते.

पण कोशिंबिरीची भाजी पिकवणे आणि शिजवून खायची भाजी पिकवणे यात एक मोठा फरक आहे. वांगे, दुधी, गवार यांना चुलीवर उकळी बसते. उकळीने जंतू मरतात, काही औषधांचे अवशेषही कमी होतात. काकडीला, कोथिंबिरीला, मुळ्याला ही संधी मिळत नाही. शेतात जे पाणी दिले, जे खत टाकले, जे फवारले, ते धुण्याने जेवढे जाईल तेवढेच जाते. उरलेले थेट तोंडात. म्हणून या लेखात कोशिंबिरीच्या कृतीपेक्षा तिच्या आधीच्या साठ दिवसांबद्दल जास्त लिहिले आहे. कृती शेवटी आहेच.

उन्हाळ्यात काय पिकते आणि काय नाही

सगळ्याच भाज्या उन्हाळ्यात चांगल्या येत नाहीत. आधी हे मान्य केले तर खर्च वाचतो. गाजर आणि बीट ही थंडीची पिके. एप्रिलमध्ये बाजारात दिसणारे चांगले गाजर बहुधा शीतगृहातले किंवा थंड भागातले असते. आपल्याकडे कडक उन्हात लावलेल्या गाजराचा रंग फिका पडतो आणि मधला दांडा राठ होतो. ज्यांना घरापुरते गाजर-बीट हवे त्यांनी ते फेब्रुवारीपर्यंत काढून घ्यावे, उन्हाळ्यात त्यांच्या मागे लागू नये.

मुळ्याचे तसे नाही. 'पुसा चेतकी' हा वाण उष्ण हवेसाठीच आहे, मार्चपासून पावसाळ्यापर्यंत पेरता येतो आणि ४० ते ४५ दिवसांत काढणीला येतो. मात्र तो वेळेवर उपटला पाहिजे. उन्हाळ्यात आठवडाभर जास्त राहिलेला मुळा आतून पोकळ आणि जहाल तिखट होतो. पाला फेकू नका. पोषणाच्या बाबतीत मुळ्याचा पाला कंदापेक्षा सरस आहे.

टोमॅटोची अडचण वेगळी. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम असली की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. जी फळे लागतात त्यांनाही लाल रंग नीट चढत नाही, कारण टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. फळ पिवळट-नारिंगी राहते. ते रोगट नसते, खायला चालते. पण बाजारात भाव कमी मिळतो. अशा वेळी रंगाला सुरुवात होताच तोडून सावलीत पिकवलेला टोमॅटो वेलीवर पिकलेल्यापेक्षा लाल दिसतो. पानांचा आडोसा कमी करू नका, नाहीतर उन्हाच्या बाजूला पांढरा डाग पडतो.

कोथिंबीर मे महिन्यात महाग का असते हे ज्यांनी ती उन्हाळ्यात लावली आहे त्यांना सांगायला नको. उगवण विरळ, वाढ खुरटी आणि तीस दिवसांच्या आत फुलोरा. ५० टक्के सावलीची शेडनेट किंवा साधा तुराट्यांचा मांडव, धणे रगडून दोन भाग करून रात्रभर भिजवलेले, आणि रोज हलके पाणी, एवढ्यावर घरापुरती कोथिंबीर मिळते. शेवग्याच्या किंवा केळीच्या विरळ सावलीतही ती उघड्या शेतापेक्षा बरी येते.

राहिली काकडी. उन्हाळी कोशिंबिरीचा खरा आधार तीच.

काकडीची लागवड

उन्हाळी काकडीसाठी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बी टोकावे. रात्रीचा गारवा फार असेल तर उगवण रेंगाळते, म्हणून नाशिक-पुण्याच्या थंड पट्ट्यात घाई करू नये. वाणांमध्ये 'पुणे खिरा' जुना आणि ओळखीचा. 'हिमांगी' आणि 'फुले शुभांगी' हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, 'शीतल' दापोलीच्या विद्यापीठाचा, जास्त पावसाच्या भागासाठी. बाजारासाठी आता बहुतेक जण संकरित वाण घेतात. घरच्या कोशिंबिरीला मात्र माझे मत पांढरट, पातळ सालीच्या काकडीकडे झुकते. ती फार दिवस टिकत नाही, पण चोचवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

दीड मीटरवर ओळ, अर्ध्या मीटरवर वेल आणि तारेवर किंवा ताटीवर चढवलेली काकडी, ही उन्हाळ्यातली चांगली पद्धत. जमिनीवर पसरलेल्या वेलीची फळे तापलेल्या मातीला टेकतात, एका बाजूने पिवळी पडतात, आणि माती चिकटलेली काकडी कच्ची खाणे तसेही बरे नाही. मांडवाला खर्च नको असेल तर तुराट्या, बांबूची कामटी, जुने ठिबकचे पाइप, जे असेल ते वापरा. रासायनिक खताची शिफारस हेक्टरी साधारण १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. स्फुरद-पालाश लागवडीला आणि नत्र विभागून द्यावे. माती परीक्षण केले असेल तर त्याप्रमाणे बदल करा. नत्राचा मारा केलेली वेल हिरवीगार दिसते, पण मावा आणि फुलकिडे तिच्यावरच आधी येतात.

सुरुवातीला वेलीवर नुसती नर फुले दिसतात आणि फळ धरत नाही. इथे बरेच जण घाबरून दुकानातून 'टॉनिक' आणतात. आठ-दहा दिवस थांबा. काकडीत आधी नर फुले येणे हा तिचा स्वभावच आहे, आणि लांब दिवस व उष्णता यांनी नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते. मादी फूल ओळखायला सोपे: पाकळ्यांमागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच असते. तिला फुलवायचे काम मधमाशीचे. परागीकरण अर्धवट झाले तर फळ वाकडे होते किंवा टोकाला बारीक राहते. काकड्या वाकड्या येऊ लागल्या की खताकडे आणि पाण्याकडे सगळे पाहतात, सकाळी फुलांवर माश्या फिरतात की नाही हे फारसे कोणी पाहत नाही. पॉलिहाऊसमध्ये लावल्या जाणाऱ्या बिनबियांच्या काकडीला मधमाशी लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत काकडी तोडायला येते आणि लागवडीपासून पहिली तोडणी ४० ते ४५ दिवसांनी. पुढे महिनाभर एक-दोन दिवसांआड तोडणी चालते. वेलीवर एखादी काकडी पिवळी होईपर्यंत राहिली तर वेल बियाकडे ताकद लावते आणि नवीन फळधारणा मंदावते. म्हणून पाहुण्याला द्यायला, बियाला ठेवायला अशा काकड्या प्रत्येक वेलीवर ठेवू नका. बियासाठी एक वेल बाजूला काढा.

घरापुरत्या काकडीला फार जागा लागत नाही. एका वेलीला पाऊण चौरस मीटर धरली तर २० वेलींना १५ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा सहावा-सातवा भाग. वेलीमागे दीड-दोन किलो धरा. सगळ्या २० वेली एकाच दिवशी लावल्या तर एप्रिलमध्ये काकडी शेजाऱ्यांना वाटावी लागते आणि मेमध्ये विकत आणावी लागते. त्यापेक्षा सात-सात वेली वीस दिवसांच्या अंतराने लावा. मुळ्याचेही तसेच, दर पंधरा दिवसांनी एक हातभर रुंद पट्टा.

काकडी कडू का होते

गटाच्या बैठकीत काकडीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याची उत्तरेही तयार असतात: कारल्याशेजारी लावली म्हणून, बी खराब निघाले म्हणून, नाहीतर टोके घासली नाहीत म्हणून.

कारल्याचे आधी मिटवू. कारले आणि काकडी एका कुळातली असली तरी त्यांच्या जाती दूरच्या, त्यांचा संकर होत नाही. आणि समजा एखाद्या जवळच्या जातीचा परागकण काकडीच्या फुलावर पडलाच, तरी त्याचा परिणाम आतल्या बियांवर होतो. खाल्ला जाणारा गर मूळ वेलीचाच असतो. तेव्हा शेजारच्या वेलीमुळे यंदाची काकडी कडू होणार नाही. घरचे बी धरताना रानटी कडू जातीशी संकर झाला असेल तर पुढच्या वर्षी त्या बियाच्या वेलीची काकडी कडू निघू शकते. बी धरणाऱ्यांनी म्हणूनच त्या वेलीची एखादी कोवळी काकडी चाखून मगच बी ठेवावे.

कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. काकडीच्या कुळातली झाडे कीड-जनावरांपासून बचावासाठी ती तयार करतात. पाने आणि मुळांत ती असतातच. माणसाने वर्षानुवर्षे गोड वेली निवडत आणल्याने फळात ती नगण्य राहिली. पण वेलीवर ताण आला की काही वाणांत ती फळातही उतरतात, आणि उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा ताण पाण्याचा.

इथे शेतकऱ्याच्या हातात बरेच काही आहे. पाणी एकूण किती दिले यापेक्षा किती नियमित दिले याला महत्त्व आहे. आठवड्यातून एकदा सरी तुडुंब भरायची आणि मग सहा दिवस जमीन भेगाळू द्यायची, यात वेल जगते, फळेही धरते, पण कडू निघण्याची शक्यता वाढते. एप्रिल-मेमध्ये पूर्ण वाढलेल्या वेलीला हवामान आणि जमिनीनुसार दिवसाला साधारण ४ ते ६ लिटर पाणी लागते. ते ठिबकने रोज, शक्यतो सकाळी द्यावे. हलक्या जमिनीत सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. वीज रात्रीची असेल तर रात्री द्या, पण खंड पाडू नका. ठिबक नसेल तर दोन-तीन दिवसांआड हलके पाणी आणि वेलीच्या बुडाशी उसाच्या पाचटाचे किंवा गव्हाच्या काडाचे तीन-चार बोटे जाड आच्छादन. उन्हाळ्यात काळे प्लॅस्टिक कोवळ्या रोपाला भाजते. प्लॅस्टिकच वापरायचे असेल तर वरची बाजू चंदेरी ठेवा.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये दोन ओळींना रोज पाणी आणि दोन ओळींना आठवड्याने पाणी असा फरक ठेवा, आणि तोडणीच्या दिवशी गटाला दोन्हीकडच्या काकड्या चाखायला द्या. पाणी व्यवस्थापनावर तासभर बोलण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

टोक कापून घासल्याने फेस येतो आणि कडूपणा निघून जातो असे आपण लहानपणापासून ऐकतो. कडू द्रव्ये देठाच्या बाजूला आणि सालीखाली जास्त असतात, त्यामुळे टोक कापून टाकण्याचा आणि साल काढण्याचा उपयोग होतो; घासण्याने त्यात फार भर पडत नाही. देठाकडचा दोन बोटे भाग काढून एक चकती चाखा. किंचित कडू असेल तर आणखी थोडे कापा. पण जिभेला झोंबेल इतकी कडू असेल तर मीठ-साखर-दह्याने ती झाकू नका, सरळ टाकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन लोक दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधी खाऊ-पिऊ नये असा इशारा दिला होता. तिथेही द्रव्य हेच. काकडीत प्रमाण सहसा एवढे नसते, तरी लहान मुलाच्या ताटात अतिकडू काकडी जाण्याचे कारण नाही.

फवारणी आणि तोडणी यांचा मेळ

हा भाग सगळ्यात अवघड, आणि याबद्दल आपण सगळे थोडे गप्पच असतो.

काकडी एक-दोन दिवसांआड तोडायची असते. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारल्यानंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लेबलवर लिहिलेले असते. त्याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. समजा तो पाच दिवसांचा आहे. मग आज फवारल्यावर मधल्या दोन तोडण्या बाजारात जायला नकोत. पण काकडी पाच दिवस वेलीवर ठेवली तर ती जून होते, तिचा भाव जातो. मग काय होते ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. संध्याकाळी फवारणी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोडणी. म्हणूनच कितीतरी शेतांत घरच्यासाठी न फवारलेली एक ओळ वेगळी राखलेली असते. त्या ओळीला मी नावे ठेवत नाही. पण जो माणूस दुसऱ्या ओळीची काकडी विकत घेऊन मुलांना कापून देतो, त्याला ती ओळ दिसत नाही.

यातून वाट काढता येते, पण ती फवारणीच्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी काढावी लागते. पहिली फुले दिसेपर्यंत जे रासायनिक संरक्षण द्यायचे ते देऊन घ्या. बीजप्रक्रिया, सुरुवातीचे लाल भुंगे, नागअळी, फुलकिडे, हे सगळे तोडणीच्या आधीचे काम आहे. तोडणी सुरू झाल्यावर औषध लागलेच तर काकडीवर लेबल क्लेम असलेले आणि प्रतीक्षा कालावधी सगळ्यात कमी असलेले निवडा. दुकानदाराला 'जालीम काहीतरी द्या' असे सांगण्याऐवजी 'काकडीवर चालणारे आणि तोडणीच्या काळातले द्या' असे सांगा आणि डबा उलटा करून स्वतः वाचा. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम आहे. पण हिरवा त्रिकोण म्हणजे प्रतीक्षा कालावधी नाही असा अर्थ नव्हे. हा घोळ फार जणांच्या डोक्यात असतो. त्रिकोण विषारीपणा सांगतो, थांबायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला तर भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे.

फवारणी अटळ असेल तर आदल्या दिवशी विकण्याजोगी प्रत्येक काकडी तोडून घ्या, अगदी लहानसुद्धा. लहान काकडीला अलीकडे मागणीही आहे. मग प्रतीक्षा कालावधीत वाढलेली फळे तोडून वेल मोकळी करा आणि ती खड्ड्यात घाला. जनावरांना घालू नका, दुधातून ती पुन्हा घरातच येतील. प्लॉट मोठा असेल तर दोन भाग करा आणि फवारणी एका वेळी एकाच भागात करा, म्हणजे दुसऱ्या भागाची तोडणी चालू राहते आणि व्यापाऱ्याची गाडी रिकामी जात नाही. नुकसान शून्य होत नाही, पण परवडेल एवढे होते.

फळमाशीसाठी तर फवारणीचा भरवसा धरूच नका. माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळी आत वाढते. वरून मारलेले औषध तिथवर पोचत नाही. फुले येण्याच्या सुमारास क्यू-ल्यूरचे कामगंध सापळे एकरी ५ ते १० लावा. टोचलेली, वाकडी, डिंक आलेली फळे दर तोडणीला गोळा करून दोन फूट खोल पुरा किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. बांधावर फेकलेल्या फळातून नवीन माश्या निघतात. सापळे लावायचे आणि फळे बांधावर फेकायची हा प्रकार मी दरवर्षी पाहतो.

भुरीसाठी गंधक स्वस्त आणि जुने औषध. पण काकडीवर्गीय पिके गंधकाला नाजूक असतात आणि ३२-३५ अंशांच्या वर पाने करपतात, म्हणून एप्रिलनंतर ते टाळलेले बरे. कोणतीही फवारणी संध्याकाळी, फुले मिटल्यावर आणि मधमाश्या गेल्यावरच करा. निंबोळी अर्कही याला अपवाद नाही.

पाणी, शेणखत आणि जीवामृत

औषधांबद्दल लोक आता विचारतात, जंतूंबद्दल कमी. वास्तविक कोशिंबीर खाऊन दुसऱ्या दिवशी पोट बिघडते ते बहुधा जंतूंमुळे. गावाचे किंवा शहराचे सांडपाणी मिसळलेल्या ओढ्या-नाल्यावर मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक घेऊ नका. त्या पाण्यावर मका-कडवळ घ्या आणि कोशिंबिरीची पिके विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आणा. इलाज नसेलच तर निदान तुषार सिंचन नको. ठिबकने पाणी मुळाशी जाते, पानांना लागत नाही. आणि भाजी चांगल्या पाण्यावर पिकवून जुड्या मात्र रस्त्याकडेच्या साचलेल्या डबक्यात बुचकळून ताज्या दाखवायच्या, याने सगळी मेहनत वाया जाते.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. कच्चे शेण या पिकांना नको. जीवामृत आणि शेणाच्या स्लरीबद्दलही स्पष्ट सांगतो. ते जमिनीला द्यायला हरकत नाही. पण काढणीला आलेल्या कोथिंबिरीवर, मेथीवर, मुळ्याच्या पाल्यावर शेण-गोमूत्राचे द्रावण फवारू नका. ते सेंद्रिय आहे हे खरे, पण शेणातले जंतूही सेंद्रियच असतात आणि पानाच्या बेचक्यातून ते एका धुण्यात निघत नाहीत.

तोडणी, साठवण, धुणे

तोडणी पहाटे करा, ऊन चढायच्या आत संपवा. दुपारी तोडलेली काकडी शेताची उष्णता घेऊनच क्रेटमध्ये बसते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते. पिळून न काढता कात्रीने थोडा देठ ठेवून कापली तर जास्त टिकते. क्रेट सावलीत, वर ओले गोणपाट. काकडीला १० ते १२ अंश तापमान मानवते. घरच्या फ्रीजमध्ये त्याहून थंड असते, तिथे चार-पाच दिवसांनी तिच्यावर पाणथळ खळगे पडतात. फ्रीजमध्ये ठेवायचीच तर खालच्या भाजीच्या कप्प्यात, कापडात गुंडाळून ठेवा.

ज्यांच्याकडे विटा आणि वाळू आहे त्यांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष जरूर बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना अगदी साधी आहे: विटांची दुहेरी भिंत, दोन्हींमध्ये साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात वाळू, वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ वाळू ओली करणे. कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश कमी तापमान राहते. मराठवाडा-विदर्भात तो उत्तम चालतो. कोकणात हवाच दमट असल्याने फरक कमी पडतो.

धुण्याबद्दल एवढेच: वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा, आणि कापण्याआधी धुवा, कापल्यावर नाही. सालीवरचा बराच भाग यात जातो. आंतरप्रवाही औषध मात्र गरात गेलेले असते. ते मिठाच्या पाण्याने, हळदीने किंवा बाजारात मिळणाऱ्या भाजी धुण्याच्या द्रवाने पूर्ण निघत नाही. त्याचा बंदोबस्त वर सांगितलेल्या थांबायच्या दिवसांतच आहे.

आता कोशिंबीर

खमंग काकडी चार-पाच माणसांना करायची तर अर्धा किलो कोवळ्या काकड्या घ्या. किसू नका, चोचवा. काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे घाव घालत बारीक तुकडे पाडले की गर चिरडत नाही आणि पाणी कमी सुटते. अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचे कूट, बारीक चिरलेली हिरवी मिरची, ओले खोबरे असेल तर दोन चमचे, चिमूटभर साखर, अर्ध्या लिंबाचा रस. वरून चमचाभर तेला-तुपात जिऱ्याची फोडणी. मीठ अगदी पानावर बसताना घाला. मीठ लागले की काकडीतले पाणी बाहेर येते आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचे सार होते. दही घालायचे असेल तर कूट थोडे जास्त घ्या, ते पाणी धरून ठेवते. सुटलेले पाणी टाकू नका, ताकात घाला. दाणे मात्र जुने, खवट, बुरशीचा वास येणारे नकोत. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन असते आणि ते भाजल्याने जात नाही.

मुळा किसला तर त्याचा उग्र वास वाढतो, कारण जेवढ्या पेशी फुटतात तेवढा तिखटपणा बाहेर पडतो. चकत्या किंवा बारीक तुकडे केले तर तो सौम्य लागतो. त्यात मुळ्याचाच कोवळा पाला चिरून, दोन तास भिजवलेली मूगडाळ आणि लिंबू. डाळीमुळे नुसत्या पाण्याची कोशिंबीर पोटभरीची होते. लिंबू चवीपुरते नसते. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातले आणि डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. म्हणून लिंबू शेवटी आणि कच्चेच पिळा, फोडणीत नाही.

मराठवाडा-विदर्भाकडच्या घोळाण्याला कृती लागत नाही: कोवळी मेथी किंवा कांद्याची पात, मीठ, तिखट, दाण्याचे कूट आणि कच्चे तेल. मार्चनंतरची मेथी जून आणि कडू होते, तेव्हा पात बरी. मोड आलेली मटकी कच्ची खाणार असाल तर मोड आणताना पाणी बदलत राहा आणि एका दिवसाचे मोड त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात दमट फडक्यात जंतूही मटकीइतक्याच जोमाने वाढतात. लहान मुले आणि गरोदर बायकांना मटकी वाफवूनच द्या.

शेतावर डबा न्यायचा असेल तर दह्यातली कोशिंबीर भरून नेऊ नका. सकाळी सातला कालवलेली कोशिंबीर दुपारी एकपर्यंत चाळीस अंशांत आंबते. काकडी, कांदा, मुळा धुऊन अख्खे न्या, ओल्या फडक्यात गुंडाळा, मिठाची पुडी आणि लिंबू वेगळे ठेवा, आणि जेवायला बसताना तिथेच चिरा.